पूजानं मला स्टुलावरून उठवलं

मंडळी, आमच्या दूध डेअरीत आज गंमत झाली. नव्यानंच कामाला लागलेल्या पूजानं दूध तपासणीचं मशीन धुतलं आणि साबणाचं पाणी न काढताच दूध लावलं. दूध घालणाऱ्या सगळ्यांचं फॅट चुकलं, ज्यावर दुधाचा भाव ठरतो. पोरगी रडवेली झाली. म्हणाली, "काका, उद्यापासून मी येत न्हाय."

मला ऐंशीच्या दशकातला दुष्काळ आठवला. तेव्हा डेअरीत मीही असाच नवा होतो. दूध आधीच कमी, त्यात फॅट तपासायच्या काचेच्या नळ्या गरगर फिरणाऱ्या चक्रात तोल राहावा म्हणून समोरासमोर ठेवायच्या सोडून मी एकाच बाजूला भरल्या. सगळ्या फुटल्या. डेअरीचे साहेब ओरडले नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसले. "परत लाव. मी हितंच हाय."

आज मीही पूजाशेजारी स्टूल ओढून बसलो. तिनं मशीन साध्या पाण्यानं धुऊन परत दूध लावायला घेतलं. चौथ्या नमुन्याला ती म्हणाली, "काका, उठा आता. मला जमतंय."

तुमच्याशेजारी असं कोण बसलं होतं?