आमच्या ड्रेपरीतले नकोसे ड्रेस

ड्रेपरीचं दुकान चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते मळक्या कपड्यांबरोबर आपोआप दुकानात परत येतात!

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं दुकान आहे. नाटकाला, गॅदरिंगला, फॅन्सी ड्रेसला लागणारे कपडे आम्ही भाड्यानं देतो. राजा, मावळा, भाजीवाली, वाघ, गोरा साहेब असे सगळे एकाच दांडीवर शेजारी-शेजारी लटकत असतात आणि एकमेकांना अजिबात त्रास देत नाहीत. त्रास सुरू होतो तो ड्रेस माणसाच्या अंगात गेल्यावर.

दुकानात आम्ही तिघं. मी, माझी बायको सुमन आणि शिलाई मशीनवर दस्तगीरचाचा. चाचा माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत, त्यामुळे दुकान माझं असलं तरी शेवटचा शब्द त्यांचा.

*

गॅदरिंगच्या सीझनला क्रांतिकारकाचे ड्रेस पुरत नाहीत. एकेका वर्गात बारा-बारा क्रांतिकारक! गोऱ्या साहेबाचा लाल कोट मात्र कुणालाच नको असतो.

एकदा एक गृहस्थ तो कोट घेऊन तणतणत आले.

"माझ्या पोराला इंग्रज केलाय. बदलून द्या!"

मी म्हटलं, "अहो, पार्ट शाळेनं दिलाय. मी कसा बदलू?"

"माझ्या आज्ज्यानं चळवळीत लाठ्या खाल्ल्यात. त्याचा पणतू ह्यो कोट घालून स्टेजवर जाणार? लोक काय म्हणतील?"

चाचांनी मशीन थांबवलं. "पावणं, इंग्रजच न्हाय आला, तर बाकीच्या बारा पोरांनी लढायचं कुणाशी? बाईंशी?"

गृहस्थ कोट घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी कोट परत आला. एक बाही खांद्यातून निघालेली, पाठीवर बुटांचे ठसे. मी काही बोलणार तोच गृहस्थ छाती फुगवून म्हणाले, "बारा जणांनी मिळून धुतला की! पण पोरगं हललं न्हाय जागचं. काय मार खाल्लाय! डिट्टो माझ्या आज्ज्यावर गेलंय!"

*

एका कॉलेजला एकांकिकेसाठी नाझी अधिकाऱ्याचा कोट हवा होता. आमच्याकडं नव्हता. चाचांनी जुन्या रेल्वेच्या कोटावरून झकास उभा केला. दंडावर बांधायची लाल पट्टी राहिली होती. दिग्दर्शक पोरगी फोनवर म्हणाली, "त्यावर स्वस्तिक असतं चाचा, तेवढं काढा."

ट्रायलला पोरगी आली आणि कपाळाला हात लावून खाली बसली. चाचांनी मन लावून काम केलं होतं. सरळ उभं स्वस्तिक, चार घरांत चार ठिपके आणि भोवती पिवळी जरीची किनार!

"चाचा, हा माणूस लोकांना मारायला निघालाय. सत्यनारायणाला न्हाय!"

"मला काय ठावं?" चाचा म्हणाले. "मी आपलं समोरच्या दुकानाच्या दारावरचं बघून काढलं."

मग तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. तिरकं, काळं, ठिपके नसलेलं. आणि त्या पट्टीखाली काय काय झालं, तेही सांगितलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, जरीची किनार उसवली आणि नवी पट्टी शिवली. ती शिवताना मात्र रोजच्यासारखं गुणगुणले नाहीत.

*

एकांकिका झाली, कपडे परत आले. सुमननं धुवायचा ढीग जमिनीवर टाकला. नेमके त्याच वेळी शेजारचे मगदूम सर चहाला आले. सर जैन, रिटायर्ड मास्तर. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात जाऊन देवापुढं तांदळाचं स्वस्तिक काढल्याशिवाय पाण्याला शिवत नाहीत.

ढिगातलं स्वस्तिक बघून ते कळवळले. "अगं सुमन, असं पायात टाकतात का?" म्हणून त्यांनी पट्टी उचलली आणि कपाळाला लावली.

सुमन घाबरून म्हणाली, "सर, ते नाझींचं हाय!"

सरांच्या हातून पट्टी खाली पडली. मग त्यांनाच कसंतरी झालं. त्यांनी परत उचलली. डोक्याला लावता येईना, खाली टाकता येईना. हात लांब धरून उभे!

"चिन्हाचा काय दोष हो?" ते पुटपुटले. "आमचं हजारो वर्षांचं, आणि ह्यांनी बारा वर्षांत वाटोळं केलं."

चहा निवला तरी पट्टी हातातच. शेवटी त्यांनीच निकाल दिला.

"वरच्या फळीवर ठेवा. पण तोंड भिंतीकडं करून!"

*

तो कोट पुढं एका बिद्रीकडच्या पोराच्या डोळ्यांत भरला. प्री-वेडिंग शूटसाठी ड्रेस बघायला होणाऱ्या बायकोला घेऊन आला होता. राजाराणी बघितले, पायलट बघितला, आणि मग तो कोट अंगात घालून आरशासमोर हललाच नाही.

"कसला कडक दिसतोय! ती लाल पट्टी पण द्या की."

मी म्हटलं, "पट्टी फक्त नाटकाला. शूटला देत नाही."

"का? बघून कुणाला काय व्हणार हाय?"

पोरगी नर्स होती आणि जर्मनीला जायचं म्हणून सहा महिने जर्मन भाषेचा क्लास करत होती. ती शांतपणे म्हणाली, "मी तिथं म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जाणार. त्यातल्या एखादीचं सगळं घर ह्या पट्टीवाल्यांनी मारलं असंल. तिनं मला नवऱ्याचा फोटो दाखव म्हटलं, तर मी हा दाखवू?"

"पण ती काय इथं बघायला येणार हाय?"

"मी बघतीय की."

पोरगा कोटावरून हात फिरवत राहिला. "कोट पण लई भारी हाय गं."

"मग कोटाशीच लगीन कर!" म्हणून ती चपला घालून बाहेर पडली.

पोरानं कोट असा काढला की दोन बटणं माझ्या टेबलाखाली सापडली. पुढं लग्न झालं. पेढे द्यायला दोघं आले, तेव्हा फोटो दाखवला. दोघांनी शेतकऱ्याचे ड्रेस घातले होते आणि बैल त्याच्याकडं संशयानं बघत होता.

*

आता चाचांची गोष्ट. त्यांनी बाजारातून एक टी-शर्ट आणला होता. मधोमध लाल सूर्य आणि चारी बाजूंना लाल किरणं. फार आवडता.

एकदा कोल्हापुरी चपला खरेदीला आलेली एक कोरियन बाई आमचे मुकुट बघून गाईडबरोबर दुकानात शिरली. हसत-हसत सगळं बघत होती. तोच टी-शर्ट घातलेले चाचा मशीनवरून उठून समोर आले आणि तिचं हसू मावळलं. ती दारापर्यंत मागं गेली.

गाईडनं विचारून सांगितलं, की हे जपानी लष्कराच्या झेंड्यावरचं चिन्ह. ते सैनिक तिच्या आजीच्या गावात आले होते. आजीच्या थोरल्या बहिणीला घेऊन गेले, ती परत आली नाही.

चाचांनी छातीवरच्या सूर्याकडं बघितलं. "सूर्य म्हणून घेतलता वो बाई," एवढंच म्हणाले आणि आत गेले. टी-शर्ट काढला, पण दुसरा शर्ट घरी! दांडीवरचं हाताला लागलं ते अंगात घालून बाहेर आले. महाराजांचा जरीचा अंगरखा, खाली लुंगी आणि गळ्यात टेप!

बाईनं त्यांच्याकडं बघितलं आणि डोळे पुसता-पुसता इतकी हसली, की तिला खुर्ची द्यावी लागली. जाताना तिनं चाचांबरोबर फोटो काढला.

चाचा दिवसभर अंगरख्यातच मशीन चालवत होते. मी म्हटलं, "चाचा, काढा की आता."

"ऱ्हाऊ दे. ह्यावर कुणाची तक्रार न्हाय."

*

आणि हा शेवटचा. गारगोटीच्या पुढं एका खेड्यात शाळेचा कार्यक्रम होता. चळवळीवरचं नाटक. मी ट्रंक घेऊन गेलो, तर फौजदाराचं काम करणारे मास्तर तापानं आडवे. हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. "ड्रेस तुमच्या मापाचा हाय की!"

इंग्रजांच्या वेळच्या फौजदाराचा खाकी ड्रेस, पट्टा, बूट, टोपी. मी घातला आणि शाळेतून स्टेजकडं निघालो. वाटेत एका उंबऱ्यावर नव्वदीची एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. बुटांचा आवाज आला तशी तिनं मान वर केली. सूप तिथंच टाकून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

हेडमास्तर हळूच म्हणाले, "शेवंताआजी. चळवळीत तिच्या बापाला फौजदारानं ह्याच दारातनं नेलता. जेलातच गेला तो."

आजवर हजार लोकांना ड्रेस दिले असतील, पण असं कुणी माझ्या तोंडावर दार लावलं नव्हतं. मी टोपी काढली आणि दाराशी गेलो.

"आजी, मी ड्रेपरीवाला हाय, कोल्हापूरचा. नाटकाचा ड्रेस हाय हा. चुकलं माझं."

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग दार किलकिलं झालं.

"खरा न्हाईस व्हय?"

"न्हाय आजी. भाड्याचा."

ती बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. गल्लीत माणसं जमली होती.

"मग मी एक मुस्काडात मारली, तर कुणाला लागंल?"

"मला."

"चालंल?"

मी मान डोलावली. तिनं हात उचलला. पण तो माझ्या गळ्याशी आला. वरचं बटण उघडं होतं, ते तिनं लावलं.

"त्यो असा गबाळा नव्हता," ती म्हणाली. "टोपी घाल."

मी टोपी घातली. ती दोन पावलं मागं सरली, नीट न्याहाळलं, पुढं आली आणि अशी सणसणीत ठेवून दिली, की टोपी गटारीच्या कडेला जाऊन पडली!

कुणी हसलं नाही. आजी स्वतः गेली, वाकून टोपी उचलली, पदरानं झाडली आणि माझ्या हातात दिली.

"जा बाळा. नाटकाला उशीर हुतोय."