पाठीवरच्या थापट्या

अँटिबायोटिकची स्ट्रिप फोडली की एक कुबट वास येतो, आणि मला फणसवाडीतल्या आमच्या खोलीतली ती संध्याकाळ आठवते. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होऊन आईच्या श्वासनळ्या सैल पडल्या होत्या. "गोळ्यांनी जंतू मरतील, पण नळ्या पूर्वीसारख्या होणार नाहीत," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून गोळ्यांच्या जोडीला रोज सकाळ-संध्याकाळ तिला उशीवर पालथं झोपवून, पंजा खोलगट करून पाठीवर थापट्या मारायच्या, म्हणजे साचलेला कफ सुटायचा. ऑफिसातून आल्यावर माझ्यात तेवढं त्राण उरत नसे. त्या संध्याकाळी दारात खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन उभ्या राहिल्या. वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी त्यांच्या गॅलरीत गळतं, यावरून आईचं नि त्यांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. आमची जमीन लाकडी, आवाज खाली जात असणार. भांडण नको म्हणून मी घाईने म्हटलं, "झालंच, काकू." त्या आत आल्या, पदर खोचून माझ्याजवळ बसल्या. "सरक. तुझे हात गळालेत, खाली कळतं मला." आईने तोंड न वळवताच विचारलं, "कोण आलंय?" "मीच आहे," काकू म्हणाल्या. आईने उशी छातीखाली नीट ओढून घेतली आणि म्हणाली, "मग मार चांगली जोरात. काढ सगळा राग." थोड्या वेळाने मोठी उबळ येऊन हिरवट कफ पडला, भांडं काकूंनीच धरलं. मी भिंतीला टेकले ती तिथेच झोपले. आई पुढे काही वर्षं तशाच छातीनिशी जगली आणि काकू संध्याकाळच्या येत राहिल्या. दोघींचं बोलणं मात्र फारसं वाढलं नाही, आणि आज वाटतं, त्याची गरजही नव्हती.