पृथ्वी वाचली तेव्हा

विश्वात आपण एकटेच आहोत का, हा मानवजातीपुढचा सर्वांत गहन प्रश्न मानला जातो. आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या वर्षानुवर्षं आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. नारायणगावच्या थिएटरातल्या तिकीटवाल्याने मात्र तो प्रश्न खिडकीतूनच सोडवला.

"पावणं, तुमी एकटंच हाय. एकट्यासाठी शिनेमा लावत न्हाई आमी."

सिनेमा अंतराळयुद्धांच्या त्या लांबलचक मालिकेतला नवा भाग होता, आणि मला तो पाहणं भाग होतं. पहिला भाग मुलगा शाळेत असताना आम्ही दोघांनी इथेच पाहिला. घर येईपर्यंत तो मोटरसायकलवर मागे बसून भांडत होता, की असलं अंतराळयान पाण्याखाली चालणारच नाही. पुढे तो कॅनडाला गेला. प्रत्येक नवा भाग तो तिकडे पाहतो, मी इकडे, आणि रविवारी फोनवर आम्ही तो फाडून काढतो. बाकी विषय तब्येत आणि हवामानापाशी संपतात.

टोमॅटोच्या बाजारात पिकअपवाले ताटकळत बसले होते. तिघांना म्हटलं, चला, सिनेमा दाखवतो.

"गाणी हायेत?"

"नाहीत."

"मारामारी?"

"आकाशात."

"एसी?"

"आहे."

"मग आधी सांगायचं ना, राव!"

सिनेमा सुरू झाला. मागच्या भागातल्या ज्याच्या मरणावर मुलाने आणि मी तासभर वाद घातला होता, तो नायक दुसऱ्या विश्वातून धडधाकट परत आला. विश्वंच अनंत असली की कोणाच्या मरण्याला अर्थ राहत नाही आणि लेखकाला काम राहत नाही. सगळे धीरगंभीर आवाजात नियतीबद्दल बोलत होते. नियती काय आहे हे त्यांनाही ठाऊक नसावं.

मध्यंतरात पिकअपवाल्यांना गाडी भरायला बोलावणं आलं.

"भाऊ, फुडं काय व्हतंय ते सांगा बरं का मागनं," एक जण म्हणाला आणि गेला. त्याने नंबर दिला नव्हता, मीही मागितला नाही.

पृथ्वी वाचली तेव्हा त्या अख्ख्या हॉलमध्ये मी एकटाच होतो.

रविवारी मुलाचा फोन आला. "पप्पा, मी नाही पाहिला अजून. सगळे म्हणतात लई बेकार आहे. तुम्ही पाहिलात? कसाय?"

बेकार म्हटलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं.

"चांगला आहे," मी म्हणालो. "बघच तू. मग बोलू."

"खरंच? बघतो."

पुढचे काही रविवार तब्येत आणि हवामान झालं. त्याच्याकडे बर्फ होता, माझ्याकडे गुडघा. सिनेमाचा विषय मी काढला नाही. वाट पाहतोय असं दिसायला नको होतं. पण कोणत्या प्रसंगावरून सुरुवात करायची, हे ठरवून ठेवलं होतं.

परवा त्याचा मेसेज आला. सिनेमा लावला होता, झोप लागली.