शमूदादानं न घेतलेली भाकर

"काका, मी करुणा बोलतेय," पलीकडून आवाज आला, आणि मी विचारलं, "कोण करुणा?"

सख्ख्या पुतणीला असं विचारणारा हा मी, तिचा एकुलता एक चुलता. ती शांतपणे म्हणाली, "शमुवेलची करुणा. पप्पा गेले, काका. आत्ता सकाळी." मी टोमॅटोच्या वावरात सुतळी बांधत होतो, ती हातातच राहिली. माझ्या मोबाइलमध्ये औषधवाल्याचा नंबर होता, ट्रॅक्टरवाल्याचा होता, जुन्नरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचाही होता. शमूदादाच्या पोरीचा नव्हता. या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेलेत, मधे ईस्टरही होऊन गेला, पण 'कोण करुणा' हे माझेच दोन शब्द कानातून जात नाहीत. भाऊ गेल्याचं दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा मला लाज जास्त वाटते. आणि या लाजेबद्दल गप्प बसून दादाविषयी चार गोड वाक्यं लिहावीत, एवढा काही मी निगरगट्ट नाही.

शमूदादा माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. मी शाळामास्तर झालो, त्यानं बापाची शेती धरली आणि पुढं द्राक्षाचा मांडव घातला. आमच्या गावातलं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, लहान, ख्रिस्ती घरं थोडी, पण दादामुळं वर्षभर त्या देवळाला कधी ओस पडल्यासारखं वाटलं नाही. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की तो बांबूच्या कामट्या तासायला बसायचा आणि घरोघर चांदण्या टांगून यायचा, अगदी आमच्या शेजारच्या माळ्याच्या ओट्यावरसुद्धा. "त्यांच्या दारात अंधार कशाला?" म्हणायचा. राखेच्या बुधवारी चहा सोडायचा तो थेट ईस्टरपर्यंत. चहाविना दादा म्हणजे महाचिडका! वहिनी म्हणायच्या, "तुमच्या उपासापायी आमाला वनवास." मग तो खजील होऊन दुसऱ्या दिवशी त्यांना चहा करून द्यायचा, स्वतः नुसता वास घ्यायचा. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी नदीकाठच्या शिंदीच्या झावळ्या त्यानंच आणायच्या, हात रक्ताळलेले. गीत काढायचं तेही त्यानंच. आवाज भसाडा होता, पण सूर पक्का. त्यानं पहिली ओळ धरली की म्हातारेकोतारेही ताठ बसायचे.

आणि प्रभुभोजनात भाकरीच्या तुकड्याबरोबर घ्यायचा द्राक्षरस त्याच्या घरचा. द्राक्षं उतरली की पहिले घड देवळातल्या मंडळीचे. तो स्वतः पिळायचा, उकळायचा, गाळायचा, बाटल्या भरून मेणानं बंद करायचा. वर्षभर आमच्या प्याल्यांत जायचा तो त्याच्या मांडवाचा रस.

करुणानं शिनोलीच्या संतोषशी लग्न ठरवलं तेव्हा हे सगळं बदललं. पोरगा चांगला, शेती सांभाळून घोडेगावात मोटारी दुरुस्त करणारा, पण हिंदू. लग्न त्यांच्या दारात, त्यांच्या पद्धतीनं झालं. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवला, दादा डोक्याला फेटा बांधून, मुठीत अक्षता धरून उभा. चेहरा लग्न लावणाऱ्या कुठल्याही बापासारखा, रडवेला आणि खूश. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या वर्षीच्या मंडळीच्या सभेत मी उठलो. मी मंडळीचा पंच, त्यात मास्तर, बोलायची सवय. म्हणालो, ज्याला आपल्या घरात देव राखता आला नाही, त्यानं मंडळीपुढं उभं राहून गीत काढू नये. वहिनी तेव्हा हयात होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. दादा उठला, एवढंच म्हणाला, "बरं." आणि पुढच्या रविवारपासून मागच्या बाकावर बसू लागला.

बोलणं मी सोडलं, त्यानं नव्हे. बांधावर भेटला की तो आपला, "सुद्या, पाणी आलं का रं?" आणि मी मान फिरवून पुढं. वहिनी गेल्या तेव्हाही मी पंच म्हणून मातीला उभा राहिलो, भाऊ म्हणून नाही.

आता मुद्द्याचं. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि भाकरीचं तबक बाकाबाकावर फिरवायचं काम माझं. त्या सभेनंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला मी मागच्या बाकाशी आलो, दादापुढं तबक धरलं. त्यानं तबकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हात जोडून मान हलवली. नको. मला वाटलं, बघा गुर्मी! माझ्या हातचं नको याला. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. वर्षं गेली. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तो अख्खा वेळ गुडघ्यावर बसायचा, ईस्टरच्या पहाटे सगळ्यांच्या आधी दफनभूमीत हजर, हंगामाच्या सणाला पाटी भरून बाजरी, बाटल्या वेळेवर देवळात पोचत्या... पण भाकर नाही. स्वतःच्या हातानं काढलेला रस सगळ्या गावाच्या तोंडी लागायचा आणि त्याच्यापुढून पुढं जायचा. आणि मी? मी तबक टेबलावर ठेवून, डोळे मिटून, माझा तुकडा खायचो. एकदाही घशाला अडकला नाही. याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात दादा आजारी पडला. पोटात पाणी व्हायला लागलं. इथं करणारं कुणी नाही म्हणून करुणा आणि संतोष त्याला शिनोलीला घेऊन गेले. माझं घर त्याच्या घराला लागून, पण त्याला गाडीत चढवायला मी बाहेर आलो नाही. खिडकीतून पाहिलं.

नाताळ होऊन आठवडा झाला असेल, पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, शमुवेलभाऊंना घरी जाऊन प्रभुभोजन देऊ. एक पंच सोबत लागतो, तुम्हीच चला." हा माणूस वयानं माझ्या मुलाएवढा, पण मनातलं ओळखणारा. नाही म्हणायला कारण सापडेना. गेलो. करुणाच्या सासरी दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, त्याच्या शेजारीच कागदाची चांदणी. दादा आतल्या खोलीत खाटेवर, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. मला बघून त्याचा चेहरा एकदम उजळला. "सुद्या, आला व्हय तू!" म्हणाला. मी नुसतं हं केलं आणि पिशवीतून तबक काढायला लागलो.

प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, मी तबक पुढं धरलं. दादानं हात जोडले. दारात करुणाच्या सासूबाई उभ्या होत्या, त्यांना राहवलं नाही. "दादा, देवाचं हाय, न्हाई कशाला म्हणता? घ्या की!" त्यांना वाटलं प्रसाद आहे. दादा हसला. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "शमुवेलभाऊ, इतकी वर्षं का थांबलात? आता तरी सांगा."

दादा म्हणाला, "साहेब, तुमीच शिकवता ना, भावाच्या मनात आपल्याविषयी अढी आसंल तर आधी त्याच्याशी समेट करा, मग देवापाशी या. माझा एक भाऊ हाये. त्याच्या मनात माझ्याविषयी लई अढी हाये. मी परयत्न केला, जमलं न्हाई. ती निघाली की घेतो. मला काय घाई न्हाई."

तबक माझ्या हातात होतं. आमच्या दोघांत हातभर अंतर. माझ्यावर तो रागावलेला नव्हताच! तो इतकी वर्षं माझी वाट बघत होता, आणि मी ती गुर्मी समजत होतो. पाळकसाहेब माझ्याकडं बघत होते. दादाही बघत होता. एक शब्द पुरे होता. 'दादा' म्हणालो असतो तरी पुरे होतं. पण दारात त्या बाई उभ्या, करुणा उभी, संतोष उभा, आणि यांच्यासमोर वाकायचं या विचारानं माझी मान ताठली. मी म्हणालो, "साहेब, निघूया. वावरात दुपारची लाईट आहे, मोटर चालू करायचीय." आणि तबक फडक्यात गुंडाळलं.

दादा म्हणाला, "जा, जा. लाईटीचा भरवसा न्हाई."

त्यानंतर ईस्टरआधीचा उपवासकाळ आला. मी राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावली, मटण सोडलं, बुधवारची प्रार्थनासभा एकही चुकवली नाही, एकदा तर पश्चात्तापावर मीच बोललो. लोक म्हणाले, मास्तर, छान बोललात. रोज ठरवायचो, या आठवड्यात शिनोलीला जाऊ. मग फवारणी निघायची, मग पाहुणे यायचे, मग वाटायचं ईस्टरला जाऊ, सण आहे, बोलायला सोपं जाईल. जणू काही दादानं माझ्यासाठी ईस्टरपर्यंत जगायचं कबूल केलं होतं! झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात करुणाचा फोन आला. त्या फोनवर मी काय बोललो ते वर लिहिलंच आहे.

दादाला त्यांनी पिकअपमधून गावी आणलं. शिनोलीची पंधरा-वीस माणसं आली होती, टोप्या काढून एका बाजूला उभी. पेटी खाली उतरवली, मंडळीनं माती टाकली. तेव्हा करुणाच्या सासूबाई माझ्याजवळ आल्या. मूठ मातीनं भरलेली, पण टाकायचं धाडस होईना. "भाऊ, तुमी पंच हाय म्हणं. आमच्या हातची माती चालंल का?" या बाईनं माझ्या भावाचं सहा महिने अंथरूण बदललं होतं. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. होकाराची मान हलवली आणि बाजूला झालो.

ईस्टरच्या दिवशी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी बाटलीवरचं मेण फोडलं, आणि रसाचा वास आला. मेणाच्या तुकड्यावर दादाच्या अंगठ्याचा ठसा दिसत होता. आदल्या वर्षी आजारी पडण्याआधी त्यानं भरलेली ती बाटली. मी तबक उचललं नाही. पाळकसाहेबांना म्हणालो, "मला नाही जमणार. घ्यायलाही आणि द्यायलाही." ते म्हणाले, "मग इथं का थांबलात, मास्तर?" मी तसाच चपला घालून बाहेर पडलो. बायको मागून हाक मारत राहिली.

शिनोलीला पोचलो तेव्हा करुणा ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "पोरी, माझं चुकलं. तुझ्या बापाचं आणि तुझं, दोघांचं मी वाईट केलं." तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "पप्पांनी तुम्हाला कधीच माफ केलं होतं, काका. शेवटपर्यंत तुमचाच विषय. पण मी पप्पा नाही. मला अजून जमत नाही. खोटं कशाला बोलू?" मग जरा थांबून, "आत या, उन्हात उभे राहू नका," म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी उपासना सुटली की मी शिनोलीला जातो. दादाच्या खाटेवर बसतो. तिथं आता तांदळाची पोती ठेवलीत, एक कोपरा माझ्यापुरता रिकामा केलेला असतो. ती चहा देते. कधी पिकाचं बोलते, कधी नुसतीच कामात असते. मी काही मागत नाही. कोणत्या तोंडानं मागू?

मागच्या रविवारी तिनं एकाएकी विचारलं, "काका, तुम्ही भाकर घेता का हल्ली?"

"नाही."

"पप्पांसारखं?"

"पप्पांसारखं नाही गं," मी म्हणालो. "त्याची काही चूक नव्हती तरी तो थांबला. माझी आहे, म्हणून मी थांबलोय."

ती उठून बाहेर गेली, रांजणापाशी तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पावणं, शेवटची गाडी निघंल बरं का!" मी चपला शोधायला लागलो.

"जाऊ द्या ती, आत्या," करुणा बाहेरूनच म्हणाली. "काका जेवून जातील."