भुतानं सांगितलंच नसतं तर

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी दर रविवारी बाहेरून बी.ए. करणाऱ्यांना मराठी शिकवायचे. वर्ग जालना रोडजवळच्या एका शाळेत भरायचा. शेंद्र्याच्या कंपन्यांतले कामगार, एक-दोन होमगार्ड आणि बऱ्याचशा बायका. शहर करमाडच्या दिशेनं वाढत सुटलं होतं आणि नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी. वर्ग चालू असताना कुणाचा तरी फोन वाजायचा, "नळ आले" एवढंच ऐकू यायचं आणि अर्धा वर्ग पिशव्या उचलून पळायचा. मी आधी रागवायचे. मग एकदा माझ्याच घरून तसा फोन आला आणि मीही खडू टाकून पळाले, तेव्हापासून गप्प बसले.

अभ्यासक्रमात एक जुनी परदेशी शोकांतिका होती, मराठीत भाषांतर केलेली. राजाला त्याच्या सख्ख्या भावानंच मारलेलं असतं. राजाचं भूत येऊन तरुण मुलाला सगळं सांगतं आणि सूड घे म्हणतं. मुलगा वेडाचं सोंग घेतो, सूड लांबवत राहतो, आणि शेवटी त्याच्यासकट घरातलं कुणीच उरत नाही. या नाटकावरच्या नोट्स मी एम.ए.ला असताना काढल्या होत्या आणि मला त्यांचा भलताच अभिमान होता. सूड लांबण्याची चार कारणं मी घडाघडा सांगायचे. वेडासाठी तर फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करायचे, एकात खरं वेड, दुसऱ्यात सोंग. खरं सांगायचं तर भिक्षुकी आणि कारकुनी करत आलेल्या आमच्या घराण्यात सूड म्हणजे काय, तर काकांकडच्या मुंजीला न जाणं. पण शिकवताना माझा आवाज असा लागायचा की जणू चार खून पचवून आलेय.

दुसऱ्या बाकावर एक अंगणवाडी सेविका बसायची. चाळिशीची, शेतकरी घरातली, माहेर कन्नडकडचं, सासर करमाडजवळच्या गावात. पर्यवेक्षिका व्हायला पदवी लागते म्हणून आलेली. एका रविवारी नळ आल्याचा फोन येऊन वर्ग रिकामा झाला, ती मात्र बसून राहिली.

"तुम्हाला नाही जायचं पाणी भरायला?" मी विचारलं.

"पोरगं भरतंय. मॅडम, एक विचारू? त्या भुतानं पोराला सांगितलंच नसतं तर?"

"मग नाटकच झालं नसतं," मी फळा पुसत म्हणाले.

"मग बरंच झालं असतं की."

मला हसू आलं आणि थोडा रागही. असलं काही पेपरात लिहू नका, मार्क जातील, असं मी तिला बजावलं. ती "व्हय" म्हणाली, पण उठली नाही.

"आन ते दोन रकाने केले ना तुम्ही, खरं आन सोंग. तसं नसतं वो मॅडम. मी केलंय."

"काय केलंय?"

"वेडाचं सोंग."

मग तिनं सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी असाच पाण्याचा तोटा होता. सामाईक विहिरीवर मोटार चालवायची पाळी कुणाची, यावरून तिच्या नवऱ्याचं आणि त्याच्या चुलत भावाचं भांडण झालं. चुलत भावानं डोक्यात फावडं घातलं. शहरातल्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच नवरा गेला, त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. चुलत भाऊ हर्सूलच्या जेलात गेला. पण घरात सासरे आणि दीर रोज त्या पोराला पुढ्यात घेऊन बसायचे. मोठा झालास की बापाचा वचपा काढणार ना रे, असं विचारायचे आणि ते लेकरू मान हलवायचं.

"मग मी किंचाळायला लागले," ती म्हणाली. "कुणी तो इषय काढला की केस सोडायचे, भांडी फेकायचे. एकदा सासऱ्यांचं ताट लाथाडलं. लोकं म्हणले, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पोराला माझ्यापासून तोडलं की मी जास्तीच करायचे. शेवटी वैतागून म्हणले, जा बाई कुठं जायचं तिथं, घेऊन जा तुझं पोरगं. सुरवातीला सोंगच व्हतं. पण पुढं पुढं कुणी काय बोललं नाय तरी घशातून आवाज यायचा. इथं खोली करून राहिले तरी वरीसभर यायचा. आता सांगा, मला कोणत्या रकान्यात घालता?"

मी हातातलं डस्टर टेबलावर ठेवलं आणि तिच्यासमोरच्या बाकावर बसले.

"आजून एक हाय," तिनं आवाज खाली आणला. "जीपमधी त्यांना शुद्ध आलती. मला म्हणले, पोराला सांग, त्याला सोडू नको म्हणावं. येवढंच बोलले आन गेले. माझ्याबिगर कुणी ऐकलं नाय. पोरगं जाणतं झालं तसं विचारायला लागलं, बाप शेवटी काय म्हणला? मी म्हणलं, पाणी मागितलं. आजवर तेच सांगत आले. मरणाऱ्याचा शब्द गिळला मी, मॅडम. पुढल्या महिन्यात तो जेलातून सुटतोय. ज्या विहिरीवरून झालं ती बुजवून तिथं प्लॉट पाडलेत, पण पोरगं हाय ना. एकवीस वर्षांचं झालंय, कंपनीत जातंय, मनगट हे येवढं. त्याला खरं सांगू का नको? तुमच्या पुस्तकात काय लिव्हलंय?"

पुस्तकात काहीच लिहिलेलं नव्हतं. पुस्तकातलं भूत येतं, बोलतं आणि निघून जातं. पोरानं पुढं जगायचं कसं, याचा विचार ते करत नाही, आणि इतकी वर्षं नाटक शिकवून मीही केला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली आणि तिच्याबद्दल माया दाटून आली. मी तिच्याहून वयानं लहान, आणि ती माझ्याकडे गुरूकडे बघावं तशी बघत होती. शेवटी मी म्हणाले, "नका सांगू." लगेच वाटलं, आपण कोण हे सांगणार? उद्या काही झालं तर? पण शब्द मागे घेतला नाही.

पुढच्या महिन्यात दोन रविवार ती आली नाही. मी रोज सकाळी पेपरात आधी जिल्ह्याचं पान उघडायचे आणि करमाड हा शब्द शोधायचे. घरच्यांवर उगीच खेकसायचे. वर्गात चार कारणं सांगावी लागत होती, परीक्षा तोंडावर होती. दोन रकाने मात्र मी बंद करून टाकले.

तिसऱ्या रविवारी तिनं मला व्हरांड्यातच गाठलं.

"सुटला," ती म्हणाली. "गुरुवारी खोलीवर आलता. दारात उभा. पार वाळून गेलाय, वळखूच आला नाय. नाव सांगितलं तवा कळलं, मग नुस्ता खाली बघत उभा. पोरानं त्याच्याकडं बघितलं, उठलं आन आत गेलं. मला वाटलं, आत इळी हाय, वरवंटा हाय, काय घेऊन येतंय आता."

"मग?"

"तांब्या भरून आणला. त्याच्या हातात दिला. प्याला तो, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आन गेला. पोरानं दार लावून घेतलं. मला म्हणलं, आई, बाप जीपमधी पाणीच मागत व्हता ना? मी म्हणलं, व्हय, पाणीच."

तिनं पदर तोंडाशी धरला. मी तिचा दुसरा हात धरला.

"तर म्हणलं, बरं झालं आई. दुसरं काय म्हणला असता, तर मला ते करावं लागलं असतं."