पुस्तकांची फळी

आठवीत गेल्यावर लेक म्हणाली, "आई, आता गुलाबी भिंती नकोत." मी हौसेनं जळोचीतल्या आमच्या घरातली तिची खोली रिकामी केली. भिंतींवरची फुलपाखरं खरवडली, बाहुल्या बहिणीच्या पोरींना दिल्या, निळा रंग देऊन घेतला. पलंगाच्या वर पुस्तकांसाठी एक लांब फळी हवी, एवढंच तिचं मागणं होतं.

फळी बसली त्याच दिवशी वरकुट्याहून सासूबाई पोतंभर भांडी घेऊन आल्या. पोरगी मोठी झाली की तिच्या लग्नाची भांडी जमवायला लागायचं, ही आमच्याकडची रीत. "हितंच ठिवू, तिचीच तर हायती," म्हणत त्यांनी अख्खी फळी भरून टाकली. नवरा स्टूल धरून उभा. माझ्या अंगाची आग झाली. मी भांड भांड भांडले, पण फळीवरचा एक पेलासुद्धा हलला नाही.

लेकीनं तांब्या हातात घेतला. त्यावर तिचं नाव कोरलं होतं आणि पुढं जागा मोकळी सोडली होती.

"आजी, आडनाव राहिलं."

"ते सासरचं घालायचं असतंय, पोरी."

तिनं तांब्या जागेवर ठेवला, पुस्तकं पलंगाखाली सरकवली आणि माझ्याकडं वळली.

"मग खोलीला रंग कशाला दिलास, आई?"