दातवणाची काडी

आष्ट्याहून साताऱ्याला माझ्याकडं कार्ड आलं ते कोपरा फाटलेलं. मजकूर वाचायची गरजच उरली नाही. भूपाल गेला. विषमज्वरानं, आठ दिवसांत, ऐन पस्तिशीत... त्याला महिना झाला. पण गेल्या रविवारी सांगलीतल्या शोकसभेहून आल्यापासून माझ्या डोक्यातला राग उतरत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

भूपालचं आष्ट्यात हळदीचं दुकान. लढाईच्या दिवसांत त्याच्या मनानं घेतलं, चित्रं शिकायची. मी तेव्हा सांगलीत नोकरीला होतो. दर रविवारी आम्ही दोघं एका ड्रॉइंग मास्तरांच्या वर्गाला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी त्यानं ब्रश घरी नेला. घर जैन. आईनं विचारलं, केस कशाचे? दुसरा कुणी थाप मारून मोकळा झाला असता, यानं सांगितलं, खारीचे.

"चित्रासाटी खारीचा जीव घेतुयास व्हय रं?"

ब्रश परत गेला. "आई बरूबर बोलती गड्या," तो मला म्हणाला, "पन चित्रं काडल्याबिगर मला आता ऱ्हावत न्हाई." पुढच्या रविवारी तो बाभळीची काडी घेऊन आला, दातांनी चावून टोकाचा कुंचा केलेली. मास्तरांनी ती वर्गापुढं नाचवली. "दातवण आणलंय! तांब्या कुठाय?" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याची लाज अजून जात नाही. मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं, ते कायमचं.

मग तो दुकानाच्या माडीवर एकटाच शिकला. रंग म्हणजे हळद, काव आणि काजळी. काडीची रेघ मधेच फाटायची. वर्षभर ती सरळ करायला तो झगडला, आणि एक दिवस नाद सोडला. "काडी माजं ऐकत न्हाई. मग मीच तिचं ऐकतो." त्याच फाटक्या रेघांनी त्यानं पाणी गाळणारी आई काढली... फडक्याचा धागा न् धागा, हातांच्या सुरकुत्या. आई चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली. "एवडं गाळून बघतुयास व्हय माज्याकडं?" म्हणाली.

गेल्या साली ते चित्र मुंबईच्या प्रदर्शनात लागलं, आणि सगळ्यांना भूपाल आठवला. शोकसभेचे अध्यक्ष कोण, तर तेच मास्तर! "भूपाल माझा शिष्य. त्याचा हात मी घडवला." आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिले, पण मेलेल्या माणसाच्या पिठावर? सभा दुखवट्याची, म्हणून दात ओठ खात गप्प बसलो.

सभा संपल्यावर मास्तर मला म्हणाले, "त्याचा एखादा ब्रश मिळाला, तर वर्गातल्या काचेच्या कपाटात ठेवू." सकाळी सभेला येताना वाटेत आष्ट्याला उतरलो होतो, तेव्हा भूपालच्या आईनं त्याची काडी माझ्याकडं दिली होती. मी ती खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

"हे कुणाचं दातवण?" म्हणाले, आणि खिडकीतून फेकायला हात उचलला.

मी तो हात धरला. काडी आता साताऱ्यात माझ्या टेबलावर आहे. टोकाला हळद सुकली आहे, आणि तिच्यावर भूपालच्या दातांचे ठसे आहेत.